संरक्षित शीटवरील मॅक्रोच्या त्रुटी व त्यांची व्यवस्था

१. विषयाचे स्वरूप

बोलींचे सर्वेक्षण अथवा शब्दसंग्रह यांचे काम करणाऱ्या अभ्यासकाची सामग्री पूर्वी चिठ्ठ्यांच्या रूपाने खोक्यांत लावलेली असे. ती आता बहुतांशी स्प्रेडशीटच्या ओळींत आणि रकान्यांत आली आहे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांचा व्हिझिकॅल्क हा स्प्रेडशीटचा कार्यक्रम १९७९ साली विक्रीस आला, तेव्हा त्याचा रोख व्यापारी हिशेबांकडे होता. पुढे १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सेल आले आणि १९९३ साली, त्याच्या पाचव्या आवृत्तीत, व्हीबीए या प्रोग्रामिंगच्या भाषेची त्यास जोड मिळाली. हिशेबासाठी निर्माण झालेले हे साधन शब्दांची मोजदाद करणारांच्याही नित्य उपयोगाचे झाले आहे.

या साधनाच्या दोन सोयी संशोधकास विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे शीटचे संरक्षण. एकदा तपासून निश्चित केलेली सामग्री कोणाचा हात चुकून लागल्यामुळे बदलू नये, यासाठी ती कुलूपबंद करता येते. दुसरी सोय म्हणजे मॅक्रो. एका नावाखाली बांधून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेस मॅक्रो म्हणतात; जे काम हाताने करावयास दिवस लागला असता, ते त्यायोगे क्षणात होते. पहिली सोय बदलास प्रतिबंध करते, तर दुसरी बदल जलद घडवून आणते. म्हणून दोन्ही एकाच शीटवर एकत्र आल्या असता त्यांचा विरोध उत्पन्न व्हावा, यात नवल नाही. हा विरोध त्रुटीच्या रूपाने प्रकट होतो. ती त्रुटी कशी उद्भवते, तिचा अर्थ कसा लावावा आणि तिची व्यवस्था कोणत्या रीतीने करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट होईल. मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने भाषांच्या तुलनेसाठी १०० मूलभूत अर्थांची यादी तयार केली होती. ती यादी घेऊन एखाद्या विभागाने दोन गावांतील बोलींचे शब्द नोंदविले आहेत असे समजावे. शीटच्या १०० ओळींत १०० अर्थ आहेत; प्रत्येक अर्थापुढे दोन्ही गावांचे शब्द असून ते एकाच मूळ शब्दापासून आलेले आहेत किंवा नाहीत याची खूण एका रकान्यात केली आहे. शेवटच्या ओळीतील सूत्र या खुणांवरून समान शब्दांचे शेकडा प्रमाण काढते. ज्या ओळी संपादकाने पाहून पक्क्या केल्या, त्या कुलूपबंद आहेत. उरलेल्या मोकळ्या आहेत.

२. संरक्षणाचा नियम

एक्सेलमधील संरक्षणाची रचना दोन पायऱ्यांची आहे, आणि ती न उमगल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात. प्रत्येक सेलला ‘लॉक्ड’ नावाचा एक गुणधर्म असतो. नव्या शीटवरील प्रत्येक सेल मुळातच कुलूपबंद असतो. परंतु शीटचे संरक्षण चालू करेपर्यंत त्या कुलपास काहीही अर्थ नसतो. संरक्षण चालू झाले म्हणजे सर्व कुलपे एकदम लागू होतात आणि जे सेल पूर्वीच मोकळे करून ठेवले असतील तेवढेच लिहिण्यास उपलब्ध राहतात. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कुलूपबंद असणे हा उत्सर्ग होय आणि मोकळे असणे हा अपवाद होय. अपवाद अगोदर सांगून ठेवावा लागतो. तो सांगितला नाही, तर उत्सर्गच प्रवृत्त होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा नियम कर्माकडे पाहतो, कर्त्याकडे पाहत नाही. कुलूपबंद सेलमध्ये लिहिणारा मनुष्य आहे की मॅक्रो आहे, तो शीटचा निर्माता आहे की परका आहे, याची विचारपूस संरक्षण करीत नाही. ज्याने संरक्षण घातले त्याचाच मॅक्रो दुसऱ्या दिवशी त्याच शीटवर अडतो, याचे कारण हेच. मॅक्रो लिहिताना शीट सामान्यतः उघडे असते, म्हणून तो निर्वेध चालतो. काम पुरे झाल्यावर शीट संरक्षित केले जाते आणि तेव्हापासून तोच मॅक्रो चालेनासा होतो. मॅक्रोतील एक अक्षरही बदललेले नसते. त्याच्या भोवतालची परिस्थिती मात्र बदललेली असते.

३. क्रमांक १००४ चा अर्थ

संरक्षित सेलमध्ये लिहू पाहणारा मॅक्रो थांबतो आणि त्रुटी क्रमांक १००४ दर्शविली जाते. कित्येकदा तिच्यासोबत, बदलावयाचा सेल संरक्षित शीटवर आहे, असे स्पष्ट वाक्य येते. परंतु नेहमीच तसे होत नाही. रकाना लपविण्याची आज्ञा संरक्षणामुळे अडली असता, अमुक गुणधर्म निश्चित करता आला नाही, एवढेच कळते. आणि काही प्रसंगी तर ही त्रुटी कार्यक्रमाने अथवा वस्तूने ठरविलेली आहे, असे सर्वथा मोघम उत्तर मिळते. उलटपक्षी सेलचा पत्ता चुकीच्या रीतीने लिहिला, तरीही १००४ हाच क्रमांक पुढे येतो. अनप्रोटेक्टच्या आज्ञेत परवलीचा शब्द चुकला, तरी पुन्हा तोच.

भाषेत ज्याप्रमाणे एकच ध्वनिरूप अनेक अर्थांचे वाहक असते आणि त्याचा निर्णय संदर्भाने करावा लागतो, तशीच या क्रमांकाची स्थिती आहे. केवळ १००४ दिसले म्हणून संरक्षण हेच कारण, असे मानणे घाईचे ठरेल. निर्णयाचा मार्ग असा: प्रथम कोणत्या ओळीवर मॅक्रो थांबला ते पाहावे, नंतर त्या शीटचा ‘प्रोटेक्ट-कंटेंट्स’ हा गुणधर्म तपासावा. तो सत्य असेल तर शीट संरक्षित आहे. त्यानंतर संबंधित सेलचा ‘लॉक्ड’ गुणधर्म पाहावा. दोन्ही सत्य असतील, तर संरक्षण हे कारण म्हणून प्रथम गृहीत धरावे. शीट संरक्षित नसेल, तर कारण अन्यत्र शोधावे. हे निदान दोन मिनिटांचे असले, तरी ते न करता लावलेली व्यवस्था बहुधा चुकीच्या रोगावरील औषध ठरते.

४. मौनाचा धोका

त्रुटी दिसू लागली की ती दिसेनाशी करण्याचा मोह होतो. व्हीबीएमध्ये त्यासाठी एक अत्यंत सोपी आज्ञा आहे: ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. त्रुटी आली तरी तिकडे लक्ष न देता पुढील ओळीवर जावे, असा तिचा अर्थ. ती मॅक्रोच्या आरंभी घातली की संदेश बंद होतो, मॅक्रो शेवटापर्यंत जातो आणि काम झाल्यासारखे वाटते.

या आज्ञेची व्याप्ती नीट समजून घेतली पाहिजे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत अधिकारसूत्राची सत्ता त्याच्या पुढील सूत्रांवर चालते आणि मर्यादा संपेपर्यंत प्रत्येक सूत्र त्याच्या अनुरोधाने वाचावे लागते. ‘ऑन एरर’ ही आज्ञा तशाच प्रकारची आहे. दुसरी ‘ऑन एरर’ आज्ञा येईपर्यंत, अथवा ‘ऑन एरर गो-टू झीरो’ या आज्ञेने ती रद्द होईपर्यंत, अथवा तो मॅक्रो संपेपर्यंत तिचा अधिकार चालू राहतो. इतकेच नव्हे, तर त्या मॅक्रोने बोलाविलेल्या दुसऱ्या मॅक्रोत त्रुटी आली आणि तेथे तिची स्वतंत्र व्यवस्था नसली, तर त्या दुसऱ्या मॅक्रोचे उरलेले सारे काम सोडून देऊन पहिला मॅक्रो आपल्या पुढील ओळीवर जातो.

याचा परिणाम वरील उदाहरणात पाहता येईल. दोन बोलींत १०० पैकी ८४ शब्द समान आहेत असे शीट दाखवीत होते. फेरतपासणीत असे आढळले की, त्यांपैकी ९ शब्द दिसण्यात सारखे असले तरी एका मुळाचे नाहीत. या नऊ खुणा बदलण्याचे काम मॅक्रोकडे दिले. खरे प्रमाण आता ७५ यावयास पाहिजे. परंतु त्या नऊ ओळींपैकी ५ ओळी कुलूपबंद आहेत. मौनाची आज्ञा असल्यामुळे त्या पाचांवर मॅक्रो निमूटपणे पुढे सरकतो. उरलेल्या ४ खुणा बदलतात आणि शेवटचे सूत्र ८० हे प्रमाण दाखविते. ८४ चे ८० झाले, म्हणजे काहीतरी बदलले हे दिसते, आणि म्हणून संशयही येत नाही. सूत्र बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. हाच आकडा पुढे प्रबंधात जातो, त्यावरून दोन बोलींचे नाते सांगितले जाते, आणि ज्या लोकांची ती बोली आहे त्यांना ही फसगत कळण्याचा मार्ग उरत नाही.

यावरून त्रुटीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे स्पष्ट होते. संरक्षित शीटवर उद्भवणारी त्रुटी ही संरक्षण आपले काम करीत असल्याची साक्ष होय. ती साक्ष पुसून टाकणे म्हणजे सामग्रीवरील पहारा उठविणे नव्हे. पहारा तसाच ठेवून पहारेकऱ्याचे तोंड बंद करणे होय, आणि ते अधिक घातक आहे.

५. उघडणे, लिहिणे व पुन्हा बंद करणे

सर्वांत प्रचलित रीत अशी की, मॅक्रोने आरंभी शीटचे संरक्षण काढावे, आपले लेखन करावे आणि शेवटी संरक्षण पुन्हा घालावे. ही रीत योग्य आहे; तथापि तिच्यात एक उणीव राहून जाते. लेखन चालू असताना दुसरीच एखादी त्रुटी आली, उदाहरणार्थ संख्येच्या जागी शब्द आढळला, तर मॅक्रो मध्येच थांबतो आणि संरक्षण पुन्हा घालणारी शेवटची ओळ कधी येतच नाही. शीट उघडेच राहते आणि ते उघडे आहे हे कोणास कळत नाही. म्हणून त्रुटीची व्यवस्था ही मॅक्रोच्या रचनेचाच भाग असली पाहिजे.

अशा मॅक्रोची रचना पुढीलप्रमाणे करावी. प्रथम शीट संरक्षित होते की नव्हते, आणि गाळणी लावणे, क्रम लावणे इत्यादी ज्या सवलती वापरणारांस दिलेल्या होत्या त्या कोणत्या, याची नोंद घ्यावी. ही नोंद आवश्यक आहे. कारण ‘प्रोटेक्ट’ ही आज्ञा नुसता परवलीचा शब्द देऊन वापरली, तर पूर्वी दिलेल्या सवलती नाहीशा होतात, आणि काल चालणारी गाळणी आज का चालत नाही हे कोडे दुसऱ्याच कोणास तरी सोडवावे लागते. त्यानंतर, संरक्षण काढण्यापूर्वीच, ‘ऑन एरर गो-टू’ या आज्ञेने त्रुटी आल्यास कोणत्या भागाकडे जावयाचे ते सांगावे. मग संरक्षण काढावे आणि लेखन करावे. परवलीचा शब्द असलेल्या शीटवर ‘अनप्रोटेक्ट’ ही आज्ञा त्या शब्दावाचून दिली, तर एक्सेल तो शब्द वापरणारास विचारते. मॅक्रोच्या मध्येच असा प्रश्न येऊ नये म्हणून तो आज्ञेतच द्यावा.

लेखनानंतर दोन भाग असावेत. पहिला निर्गमाचा. त्यात संरक्षण पूर्वीच्या सवलतींसह पुन्हा घातले जाते, आणि मॅक्रोने काही व्यवस्था तात्पुरत्या बंद केल्या असतील तर त्या पूर्ववत होतात. ‘एनेबल-इव्हेंट्स’ ही अशांपैकी एक आहे. ती बंद राहिली, तर एक्सेल चालू असेपर्यंत अन्य स्वयंचलित कामेही निपचित पडून राहतात. दुसरा भाग त्रुटीचा. तेथे सर्वांत आधी त्रुटीचा क्रमांक व वर्णन टिपून ठेवावे, कारण पुढील ‘रिझ्यूम’ अथवा ‘ऑन एरर’ ही आज्ञा येताच ती माहिती पुसली जाते. टिपण झाल्यावर ‘रिझ्यूम’ या आज्ञेने निर्गमाच्या भागाकडे जावे. अशा रीतीने काम यशस्वी होवो अथवा न होवो, बाहेर पडण्याचा दरवाजा एकच राहतो, आणि त्या दरवाज्यावर कुलूप घातल्यावाचून कोणासही जाता येत नाही.

येथे दोन सूक्ष्म गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या आहेत. ‘रिझ्यूम’ ऐवजी साधी ‘गो-टू’ ही आज्ञा वापरू नये. कारण त्रुटीची व्यवस्था चालू असताना नवी त्रुटी आली, तर तीच व्यवस्था तिला पकडू शकत नाही. उलट निर्गमाच्या भागात जर संरक्षण घालण्याची आज्ञाच निष्फळ झाली, तर मॅक्रो पुन्हा त्रुटीच्या भागाकडे व तेथून पुन्हा निर्गमाकडे असा फिरत राहील. म्हणून निर्गमाच्या आरंभीच ‘ऑन एरर गो-टू झीरो’ ही आज्ञा देऊन पूर्वीचा अधिकार संपवावा.

संरक्षण काढल्यापासून ते पुन्हा घालेपर्यंतच्या अवधीत फाइल जतन करू नये. या अवधीत वीज गेली किंवा एक्सेल अकस्मात बंद पडले, तरी मागे जतन केलेली प्रत संरक्षितच राहते. ऑटोसेव्ह चालू असेल, तर मात्र उघड्या अवस्थेतील शीट जतन होण्याचा संभव असतो. तेव्हा हा अवधी शक्य तितका अल्प ठेवावा.

६. कर्त्याचा अपवाद

संरक्षण कर्त्याकडे पाहत नाही, असे वर म्हटले आहे. त्यास एक अपवाद योजिलेला आहे. ‘प्रोटेक्ट’ या आज्ञेबरोबर ‘युजर-इंटरफेस-ओन्ली’ हा पर्याय सत्य म्हणून दिला, तर संरक्षण केवळ हाताने काम करणारास लागू होते आणि मॅक्रोस लेखनाची मोकळीक मिळते. शीट उघडण्याची व पुन्हा बंद करण्याची खटपटच त्यामुळे वाचते.

परंतु हा अपवाद फाइलबरोबर जतन होत नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडली की संरक्षण पूर्ण स्वरूपात परत येते आणि मॅक्रोही अडतो. काल चाललेला मॅक्रो आज १००४ का दाखवितो, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. यास्तव फाइल उघडताच आपोआप चालणाऱ्या ‘वर्कबुक ओपन’ या भागात ती आज्ञा, परवलीच्या शब्दासह, प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागते. वापरणाराने मॅक्रो चालविण्यास परवानगी दिली नाही, तर हा भाग चालत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो रोखून धरण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून अंगीकारले आहे. त्यामुळे ईमेलने आलेल्या फाइलीत ही स्थिती सहज उद्भवते. अशा वेळी शीट पूर्ण संरक्षित राहते, म्हणजे सामग्रीची हानी होत नाही, ही त्यातील जमेची बाजू होय.

शिवाय हा अपवाद सर्व कामांना पुरत नाही. एक्सेलमध्ये ‘टेबल’ म्हणून घोषित केलेल्या भागात नवी ओळ वाढविणे, किंवा पिव्हट टेबल ताजे करणे, ही कामे या पर्यायानेही संरक्षित शीटवर होत नाहीत. तेथे मागील परिच्छेदांत सांगितलेली उघडण्याची व बंद करण्याची रीतच अवलंबावी लागते.

तुलनेसाठी गूगल शीट्सचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे संरक्षण व्यक्तीशी जोडलेले असते. अमुक भागात कोणास लिहिता यावे, याची यादी ठरविता येते, आणि स्क्रिप्ट ज्याच्या अधिकाराने चालते त्याचे अधिकार तिला मिळतात. म्हणून तेथे एकच स्क्रिप्ट मालकाच्या हातून चालते आणि साहाय्यकाच्या हातून अडते. एक्सेलमध्ये प्रश्न ‘केव्हा’ असा विचारावा लागतो, गूगल शीट्समध्ये ‘कोणाच्या नावाने’ असा.

७. संरक्षणाची मर्यादा व पडताळणी

शीटचे संरक्षण हे अनवधानापासून रक्षण करणारे कुंपण आहे. ती तिजोरी नव्हे. ते काढून टाकण्याचे मार्ग जाणकारांस ठाऊक असतात आणि मॅक्रोत लिहिलेला परवलीचा शब्द तो मॅक्रो वाचणारास दिसतो. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे किंवा खाजगी तपशील गुप्त ठेवावयाचे असतील, तर फाइल उघडण्यासाठीच परवलीचा शब्द ठेवून ती सांकेतिक करावी. शीटच्या संरक्षणावर विसंबू नये.

शेवटी पडताळणीचा विचार केला पाहिजे. मॅक्रोने शीटवर बदल केले म्हणजे ‘अनडू’ची जुनी साखळी नाहीशी होते, हाताने केलेली चूक मागे घेता येते, मॅक्रोने केलेली तशी मागे घेता येत नाही. म्हणून मॅक्रो चालविण्यापूर्वी फाइलची प्रत ठेवावी, आणि किती बदल करावयाचे होते व प्रत्यक्ष किती झाले, हे मॅक्रोनेच मोजून वेगळ्या शीटवर, तारखेसह, लिहावे. वरील उदाहरणात ‘नऊ पैकी चार’ एवढी नोंद जरी झाली असती, तरी ८० हा आकडा कोणी खरा मानला नसता. त्रुटीचा संदेशही त्याच वृत्तीने लिहावा. ‘काहीतरी चुकले’ असे सांगण्यापेक्षा कोणत्या शीटवरील कोणत्या सेलपाशी, कोणत्या क्रमांकाच्या त्रुटीमुळे काम थांबले, हे त्यात असावे; म्हणजे दोन वर्षांनी त्या जागी येणाऱ्या नव्या साहाय्यकासही त्याचा उलगडा होईल.

कुलूपबंद ओळी संपादकाने पाहून पक्क्या केलेल्या होत्या, हे येथे विसरता कामा नये. मॅक्रो त्या ओळींवर अडला, याचा एक अर्थ असाही होतो की, त्या बदलण्यापूर्वी संपादकास पुन्हा विचारावयास पाहिजे होते. ते विचारून, संमती घेऊन आणि नोंद ठेवून शीट उघडले, तर त्रुटी उरत नाही आणि संरक्षणाचा हेतूही सफल होतो.